जुना फ्रेंच चांदीचा चहा-कॉफी सेट घेताना: ठशापासून घरापर्यंत

पॅरिसमधल्या लिलावाच्या यादीत एखादा नग साधारण असा लिहिलेला असतो: 'चहा-कॉफीचा सेट, चार नग, चांदी, मिनर्वा, पहिला दर्जा, लुई पंधरावा स्टाइल, लाकडी मुठी, ढोबळ वजन २ किलो ३४०, थोडे पोचे, अक्षरं कोरलेली.' यातल्या प्रत्येक शब्दामागे पैसे आहेत. युरोपात नवीन आलेली आपली मंडळी फोटो बघून बोली लावतात आणि ही ओळ मागाहून वाचतात. तुम्ही उलट करा. ओळ वाचता आली आणि भांड्यावरचे ठसे ओळखता आले, की फसायची भीती बरीच कमी होते. फ्रेंच चांदीवरचे ठसे इतके शिस्तीचे आहेत की थोड्या सरावाने ते कुणालाही वाचता येतात. कारागिरीची पारख जमायला मात्र वर्षं जातात, तिची घाई नको.

१. आधी कोणता सेट हवा ते ठरवा

पूर्ण सेटमध्ये किमान चार भांडी असतात: कॉफीचं उंच भांडं, चहाचं बसकं आणि पोटात गोल भांडं, झाकण आणि दोन कान असलेलं साखरेचं भांडं, आणि दुधाचं छोटं भांडं. नशीब असेल तर सोबत तबक, आणि फारच नशीब असेल तर खाली दिवा ठेवायचं, तोटीचं गरम पाण्याचं मोठं पात्र.

चहाच्या भांड्याची चोच खालून निघते आणि ती जिथे पोटाला जोडलेली असते तिथे आतून बारीक भोकं पाडलेली असतात, म्हणजे पानं कपात येत नाहीत. झाकण उघडून आत बोट फिरवलंत की कळतं. झाकणाच्या बोंडाखाली भोक असेल आणि बोंड बाजूला सरकत असेल, तर ते चॉकलेटचं भांडं. त्या भोकातून रवी घालून चॉकलेट घुसळायचे. काही विक्रेते तेच कॉफीचं म्हणून सेटमध्ये बसवतात.

काळाबद्दल एवढं लक्षात ठेवा: फ्रेंच राज्यक्रांतीआधीची चांदी बाजारात फार थोडी आहे. १६८९ मध्ये चौदाव्या लुईने आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुईने युद्धाच्या खर्चासाठी सरदारांची भांडी टांकसाळीत वितळवायला लावली, आणि जे वाचलं त्यातलं पुष्कळ क्रांतीत गेलं. शिवाय चार भांड्यांचा जुळता सेट हा मुख्यतः १९व्या शतकातला प्रकार आहे. त्याआधी भांडी सहसा सुटी घडवली जात. त्यामुळे 'लुई पंधराव्याच्या काळचा अख्खा सेट' स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हणालं तर चहा घेऊन निघून या.

नवख्याने १८३८ नंतरचा माल बघावा. ठसे सोपे, पुरवठा भरपूर. १८५२ ते १८७० या तिसऱ्या नेपोलियनच्या काळातले सेट आणि शतकाच्या शेवटी रोकोको, म्हणजे लुई पंधराव्याच्या काळच्या नागमोडी, वेलबुट्टीच्या वळणाने घडवलेले सेट सगळ्यात जास्त मिळतात. साधी, सरळ रेषांची आर्ट डेको भांडी आवडत असतील तर १९२०-३० च्या दशकांकडे वळा, पण तिथे झां प्युइफोर्का (१८९७–१९४५) यांच्यासारख्या नावाजलेल्या कारागिरांमुळे भाव वेगळेच असतात. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी सेटची करूच नका. एकट्या माणसापुरतं छोटं कॉफीचं भांडं मिळतं, फ्रेंच त्याला गमतीने 'एगोइस्त' म्हणजे आपमतलबी म्हणतात. ते घ्या. ठसे, वजन, बिजागरी, मूठ सगळं त्यात शिकून होतं, आणि रोज वापरताही येतं.

२. सोबत काय न्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग
- खिशात मावणारी बॅटरी
- पाच किलोपर्यंतचा छोटा डिजिटल काटा
- पांढरं सुती फडकं
- ओळखपत्र आणि बँकेचं कार्ड

लोहचुंबक बरेच जण नेतात. हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. चांदीला चुंबक चिकटत नाही, तसा पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. म्हणजे चुंबक फक्त लोखंड पकडतो.

३. ठसे वाचायला शिका

फ्रेंच चांदीवर दोन ठसे हवेत: एक सरकारी शुद्धतेचा आणि एक कारागिराचा. जागा साधारण ठरलेली: पोटाच्या वरच्या काठाजवळ किंवा बुडाला, आणि झाकणाच्या कडेला. जो भाग सुटा होतो त्यावर वेगळा ठसा बघा.

सरकारी ठसा. १० मे १८३८ पासून मिनर्वा देवीचं शिरस्त्राण घातलेलं, उजवीकडे बघणारं मस्तक. कपाळासमोर १ आणि चौकट अष्टकोनी असेल तर पहिला दर्जा, हजारात ९५० भाग चांदी. हनुवटीखाली २ असेल तर दुसरा दर्जा, हजारात ८००. आपल्याकडे ९२.५ टक्क्यांची चांदी म्हणजे उत्तम अशी समजूत आहे. जुन्या फ्रेंच पहिल्या दर्जाचा कस त्याहून वरचा.

त्याआधी, १८१९ ते १८३८ या काळात दाढीवाल्या म्हाताऱ्याचं मस्तक मारत: मायकेलअँजेलो असेल तर ९५०, सॉक्रेटिस असेल तर ८००. आणि १७९८ ते १८१९ या काळात कोंबडा. कोंबडा स्पष्ट दिसणारं कॉफीचं भांडं परवडणाऱ्या भावात मिळालं तर सोडू नका, फक्त दुसऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवा.

छोट्या वस्तूंवर, म्हणजे साखरेच्या चिमट्यावर किंवा लहान सुट्या भागावर, मिनर्वा मावत नाही. तिथे १८३८ नंतर पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं आणि बाहेरच्या प्रांतांत खेकडा येतो. दोन्ही किमान ८०० कसाचे. रानडुक्कर १९६२ पर्यंत चाललं, पुढे सगळीकडे खेकडा. हंस दिसला तर जपून: १८९३ पासून हा ठसा मूळ ठाऊक नसलेल्या, लिलावात आलेल्या मालावर मारला जायचा. म्हणजे वस्तू चांदीची आहे, पण फ्रेंच असेलच असं नाही. टोका, म्हणजे धान्यातला सोंडेचा किडा, असा ठसा असेल तर ती फ्रान्सशी करार असलेल्या देशातून आयात झालेली वस्तू.

कारागिराचा ठसा. १७९७ च्या कायद्यापासून हा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. आत आद्याक्षरं आणि एखादी खूण. ओदिओ या पॅरिसच्या चांदीकार घराण्याची खूण जुन्या धाटणीचा दिवा, एमिल प्युइफोर्का यांची चाकू. खूण इतकी बारीक असते की मोबाइलच्या कॅमेऱ्यात पुसट डाग दिसतो. भिंगच लागतं. बुडाला पूर्ण नाव कोरलेलं असेल तर ते कधी दुकानदाराचं असतं आणि घडवणारा वेगळा असतो. शंकरपाळ्यातलं अक्षर खरं माना.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बाहेरून ठसा मारताना आतून आधाराला एक छोटी ऐरण धरत, आणि १८१९ पासून त्या ऐरणीवर किड्यांची बारीक नक्षी कोरलेली असे. फटका बसला की बाहेर मिनर्वा उमटे आणि आतल्या बाजूला, बरोबर मागे, किड्यांच्या पायांसारख्या रेघा. फ्रेंचमध्ये याला बिगॉर्न म्हणतात. झाकण उघडा, बॅटरी तिरपी धरा, ठशाच्या मागची जागा भिंगातून बघा. खोटा ठसा ओतून किंवा डाख लावून बसवलेला असेल तर मागे ही नक्षी नसते. ज्या जागी आत ऐरण पोचतच नाही तिथे ती नसली तरी घाबरू नका.

४. मुलाम्याचा माल वेगळा काढा

बाजारात दिसणारी निम्म्याहून जास्त 'चांदी' मुलाम्याची असते असं माझं निरीक्षण आहे. शार्ल क्रिस्तोफ्ल यांनी १८४२ मध्ये विजेने मुलामा चढवण्याचे हक्क विकत घेतले आणि त्यानंतर फ्रान्सची मध्यमवर्गीय घरं या मालाने भरून गेली. माल उत्तम आहे, घडण सुरेख आहे, फक्त तो भरीव चांदीच्या भावात घ्यायचा नाही.

ओळख सोपी: मुलाम्याच्या वस्तूवर कारागिराचा ठसा चौकोनात असतो, शंकरपाळ्यात नाही. मिनर्वा नसते. काट्या-चमच्यांवर ८४ किंवा १०० असा आकडा असतो. नवखे हा आकडा शुद्धता समजतात. तो डझन काटे आणि डझन चमचे मिळून त्यांच्यावर चढवलेल्या चांदीच्या ग्रॅमचा आकडा आहे. यादीत 'मेताल आर्जाँते' असेल तर मुलामा, 'आर्जाँ' किंवा 'आर्जाँ मासिफ' असेल तर भरीव. विक्रेता तोंडी फक्त 'चांदीचं आहे' म्हणाला, तर पावतीवर कोणता शब्द लिहिणार ते विचारा. उत्तर लगेच स्पष्ट होतं.

काठावर, मुठीच्या सांध्याला आणि पायांना पिवळट किंवा करडं धातू डोकावत असेल तर मुलामा झिजलाय. पुन्हा मुलामा देणारे कारागीर आहेत, पण चार भांड्यांचा खर्च कधी कधी सेटच्या किमतीपुढे जातो.

५. चारही भांडी एकाच घरची आहेत का?

इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. सुटं साखरेचं भांडं फार कुणी घेत नाही. तेच तीन अनोळखी भांड्यांशेजारी ठेवलं की 'सेट' होतो आणि भाव वर जातो. फ्रेंच विक्रेते आपसात अशा सेटला 'लग्न लावलेला' म्हणतात.

चारही भांडी ओळीने ठेवा आणि एक एक गोष्ट सगळ्यांवर बघत जा. शंकरपाळ्यातली अक्षरं आणि खूण सारखी आहेत का? सगळ्यांवर एकाच काळचा सरकारी ठसा आहे का? झाकणाची बोंडं एकाच साच्यातली आहेत का, की एकावर गुलाबाची कळी आणि दुसऱ्यावर डाळिंब? पायांचं वळण, मुठीचं लाकूड, बुडाखालचा क्रमांक असल्यास तोही जुळतो का?

कोरलेली अक्षरं मुद्दाम शेवटी बघा, कारण तीच सगळ्यात फसवी. अक्षरं जुळली की लोक बाकीचं बघायचं सोडतात. एखाद्या कुटुंबाने दुधाचं भांडं वीस वर्षांनी दुसऱ्या कारागिराकडून घेऊन त्यावर आपली अक्षरं कोरून घेतलेली असू शकतात. तो प्रामाणिक सेट आहे, पण भाव एकसंध सेटचा नाही. उलट, एका भांड्यावर अक्षरं आहेत आणि दुसऱ्यावर ती जागा अगदी गुळगुळीत, तर ती पुसून काढलेली असण्याची शक्यता जास्त.

तबकाबद्दल वेगळं सांगतो. चार भांडी भरीव आणि तबक मुलाम्याचं, हे फार सर्रास आहे. पूर्वीच्या ग्राहकांनीच खर्च वाचवायला तसं घेतलेलं असे. यादीत तबक 'सोबत' म्हणून आलं असेल आणि वजनात धरलेलं नसेल तर समजून घ्या.

६. हातात घेऊन तपासा

पुसलेल्या अक्षरांसाठी उत्तम उपाय फुकटचा आहे: भांड्यावर आरशावर टाकतात तशी तोंडाची वाफ टाका. क्षणभर पृष्ठभाग धूसर होतो आणि पुसलेल्या अक्षराची सावली, जुना डाख, बसवलेला तुकडा वेगळा दिसतो. मग त्याच जागी अंगठ्याने हलकेच दाबा. पत्रा आत-बाहेर होत असेल तर घासून पातळ झालाय, सोडून द्या.

बाकी तपासणी भराभर होते. झाकण उघडा-मिटा, बिजागरी डुलता कामा नये. भांडं सपाट टेबलावर ठेवा, रोकोको भांड्यांचे पाय दाबाने पोटात शिरलेले असतात आणि मग भांडं लंगडतं. चोचीच्या मुळाशी करडा, मऊ डाख दिसला तर कुणीतरी कथलाने स्वस्तात दुरुस्ती केली आहे. चांगला कारागीरही ती नीट करायला कुरकुरतो. मूठ धरून हलवा. लाकडी मूठ ढिली असणं मोठी गोष्ट नाही, बारीक खिळे बदलता येतात. पोचे काढता येतात, पण नक्षीवरचा पोचा काढणं महागात पडतं.

७. यादीतली भाषा

'एपॉक' आणि 'स्टाइल' हे दोन शब्द नीट ओळखा. ३ मार्च १९८१ च्या सरकारी हुकुमानुसार, वस्तू अमुक 'एपॉक'ची, म्हणजे त्या काळची, असं लिहिलं तर विक्रेता त्याला बांधील असतो. 'स्टाइल' लिहिलं तर काळाची कोणतीही हमी नाही. 'लुई पंधरावा स्टाइल'चा सेट १८९० चाही असेल आणि १९५० चाही.

दुसरी जोडी वजनाची. 'प्वा ब्र्युत' म्हणजे लाकूड वगैरे धरून ढोबळ वजन, 'प्वा नेत' म्हणजे निव्वळ चांदी. वरच्या उदाहरणात २,३४० ग्रॅम ढोबळ आहे. मुठींच्या लाकडाचे अंदाजे १०० ग्रॅम काढले तर २,२४० उरतात, त्याला ०.९५ ने गुणलं की २,१२८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाच्या भावाने गुणा, मोडीची किंमत आली. ही खालची रेघ झाली. तिच्यावर जे द्याल ती घडणावळ, नाव आणि वय यांची किंमत. कुठलाही लौकिक नसलेल्या कारागिराचा पोचे पडलेला सेट मोडीच्या जवळपासच विकला जातो, आणि चांदी चढली की असे सेट वितळवणाऱ्यांकडे जातात.

८. कुठे घ्यायचं, पैसे कसे द्यायचे

पॅरिसमध्ये द्रुओ लिलावघर १८५२ पासून चालू आहे. आत जायला कुणाची ओळख लागत नाही. माल बहुधा आदल्या दिवशी आणि लिलावाच्या सकाळी बघता येतो, वेळ यादीवर असते. काचेच्या कपाटातलं भांडं काढून द्यायला सांगा, संकोच करू नका, तिथल्या माणसांचं ते रोजचं काम आहे. बोलीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, साधारण पाव भाग ते ३० टक्के. यादीतल्या अंदाजात ते धरलेलं नसतं. ऑनलाइन बोलीवर आणखी थोडं. आकडा कागदावर लिहून न्या आणि तो ओलांडू नका.

उत्तरेला सँतुअँचा जुना बाजार शनिवार, रविवार, सोमवार भरतो. मेट्रोतून बाहेर पडल्यावर आधी जीन्स आणि बुटांचे ठेले लागतात, तिथे थांबू नका. व्हेर्नेझों, बिरों, पॉल बेर या आतल्या गल्ल्या गाठा. भाव लिलावापेक्षा चढे, पण घासाघीस चालते आणि भांड्यात पाणी घालून बघू देतात.

फ्रान्समध्ये कर भरणाऱ्याला व्यावसायिकाकडून खरेदी करताना १,००० युरोपर्यंतच रोख देता येते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला १५,००० पर्यंत. पावतीवर धातू, दर्जा, ठसा, काळ आणि वजन लिहून घ्या.

खरेदीआधी एक फेरी लुव्हरच्या रिशलिअ भागात आणि रिव्होली रस्त्यावरच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात माराच. डोळ्याला चांगल्या प्रमाणाची सवय लागते.

९. भारतात न्यायचा असेल तर

मूठही चांदीची असेल तर ती आणि भांडं यांच्यामध्ये उष्णता अडवायला पांढऱ्या चकत्या असतात. त्या पुष्कळदा हस्तिदंताच्या असतात. असा सेट युरोपबाहेर न्यायला वन्यजीव व्यापाराचे परवाने लागतात आणि भारतात हस्तिदंताचा कायदा फार कडक आहे. लाकडी मुठीचाच घ्या, विषय संपला.

कस्टमला वस्तू दाखवा आणि शुल्काची पावती जपून ठेवा. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी बघून घ्या. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८७० चा सेट पुण्याला नेलात आणि पुढे मुलीला परदेशी द्यावासा वाटला, तर अडचण. परत नेण्याची शक्यता असेल तर आधी वकिलाशी किंवा पुरातत्त्व खात्याशी बोला.

१०. वापर आणि घासणं

वापरा. कपाटातली चांदी जास्त काळवंडते. वापरून झाल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच मऊ फडक्याने कोरडं. डिशवॉशर अजिबात नाही आणि मूठ पाण्यात बुडवायची नाही, लाकूड फुगून तडकतं.

आपल्याकडे देवाची भांडी चिंच, रांगोळी किंवा दंतमंजनाने उजळतात. इथे नको. रांगोळीचे कण कोरीव अक्षरं बोथट करतात आणि ठसे हळूहळू पुसतात. अॅल्युमिनियमच्या कागदावर सोडा-मिठाच्या पाण्यात बुडवण्याची युक्तीही नको. नक्षीच्या खाचांतला मुद्दाम राखलेला काळेपणा निघून जातो आणि भांडं सपाट दिसू लागतं. फ्रेंच लोक बारीक पांढरी खडूची पूड थोड्या स्पिरिटमध्ये कालवून मऊ कापडाने लावतात, सुकली की पुसतात. वर्षातून एकदोनदा पुरे.

ठेवताना प्रत्येक भांडं वेगळ्या सुती किंवा फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड जवळही नको, त्यांच्यातल्या गंधकाने काळे पट्टे पडतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि चहाच्या भांड्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, नाहीतर आत कुबट वास धरतो.